रिकाम्या लाइनीवर

दसऱ्यापर्यंत पेशी बोलल्या नाहीत तर मनीषा प्रयोगशाळेला रामराम ठोकून हुबळीला घरी येणार, हे ठरलं होतं. ठरवलं तिनंच. भाद्रपदातल्या एका रविवारी आमटी वाढता वाढता ती म्हणाली, "अप्पा, ही शेवटची खेप. फेलोशिप संपत आलीय. या पेशींनी तोंड उघडलं तर आमच्या हेमावती मॅडम वर्षभर वाढवून घेतील. नाही उघडलं तर मी आपल्या देशपांडे नगरातच कुठल्या तरी क्लासमध्ये शिकवीन आणि तुमच्याजवळ राहीन."

सुधींद्र जमखंडीकरांनी "बघ बाई, तुझं तू" एवढंच म्हटलं आणि ताकाचं भांडं पुढे ओढलं. पण मनातल्या मनात त्यांनी त्या पेशींच्या तोंडाला कुलूप घातलं.

त्यात वाईट असं काही त्यांना वाटलं नाही. बायको, कुसुमावती, गेल्या मार्गशीर्षात गेली. त्यानंतर घरात आवाज उरले ते कुकरचे आणि शेजारच्यांच्या टीव्हीचे. एकुलती एक लेक धारवाडला सप्तापुरात खोली घेऊन राहायची आणि रायापूरच्या बाजूला एका संशोधन संस्थेत कामाला जायची. हुबळी ते धारवाड ते काय अंतर! पण रोज संध्याकाळी दार उघडून आत येणारं माणूस आणि रविवारी येणारं माणूस यांत फरक असतो. पोरगी घरी आली असती तर त्यांना हवं होतं. तोंडाने म्हणायची मात्र सोय नव्हती.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात गेली होती. त्यामुळे मनीषाचं काम त्यांना टेलिफोनच्या भाषेत कळायचं, आणि नेमकं तिथंच अडायचं.

"म्हणजे मेंदूतल्या तारा," ते म्हणायचे.

"तारा म्हणा, लाइन म्हणा, सगळं तेच."

"आणि तू त्या बशीत वाढवतेस."

"हो. उंदरिणीच्या पोटातल्या पिलांच्या मेंदूतल्या पेशी घ्यायच्या. आधी सगळ्या सुट्ट्या करायच्या, एकेक वेगळी. मग काचेच्या चकतीवर पेरायच्या. पहिल्या दिवशी बघाल तर मोहरीसारख्या गोल. ओळख ना पाळख. दोन-तीन दिवसांत धागे फुटतात. एक धागा लांब जातो, तो सांगणारा. बाकीचे आखूड, ते ऐकणारे. आठवडाभरानं हिचा धागा तिच्या अंगाला लागतो आणि तिथं सांधा धरतो."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणीच नाही."

"आणि बोलतात काय?"

"सांधा धरला की तिथं आपली आपण हालचाल सुरू होते. कुणी डिवचलेलं नसतं. डोळे नाहीत, कान नाहीत, बाहेरून काही आत येत नाही, तरी सुरू होते. ती कधी सुरू होते आणि कशी वाढते, हे बघायचं, एवढंच माझं काम."

"नंबर फिरवल्याशिवाय?"

"नंबर फिरवायला आहे कोण बशीत?"

"मग तो दोष आहे," सुधींद्र ठामपणे म्हणाले. "रिकाम्या लाइनीवर खरखर आली की आम्ही काय म्हणायचो? केबलमध्ये ओल शिरली. लगेच माणूस पाठवायचो."

मनीषा हसली. आई गेल्यापासून ती फार हसत नसे. "अप्पा, इथं उलटं आहे. आधी खरखर येते, लाइन मागनं पक्की होते. निदान असं वाटतंय. खात्री नाही म्हणून तर बघायचं."

हे काही त्यांना गिळवेना. आधी खरखर आणि मग लाइन? भाजी चिरताना, पेपर वाचताना ते मध्येच थांबायचे. ज्याला कुणी हाक मारलेली नाही तो ओ कशाला देईल? एका बाजूने त्यांना वाटायचं की पेशींनी गप्प बसावं, म्हणजे पोरगी घरी येईल. दुसऱ्या बाजूने वाटायचं, बोलल्याच तर कशा बोलतात ते एकदा बघायला मिळावं. एकाच डोक्यात या दोन्ही गोष्टी राहत होत्या आणि एकमेकींशी भांडत नव्हत्या.

आधीच्या दोन खेपा फुकट गेल्या होत्या. पहिली आईच्या दिवसांत. तेरावा करून मनीषा परत गेली तेव्हा बशांत नुसता गाळ होता. दुसऱ्या खेपेला तिनं पेशी विरळ पेरल्या. विरळ पेशी जगत नाहीत, त्यांना शेजार लागतो. आता संस्थेतल्या उंदरांच्या खोलीचं दुरुस्तीचं काम काढलं होतं, ते दिवाळी झाल्याशिवाय संपणार नव्हतं. म्हणजे हीच खेप.

खंडेनवमी उजाडली. गल्लीतल्या रिक्षांना केळीचे खुंट बांधले होते, गाड्या धुऊन हळदीकुंकू लागलं होतं. सुधींद्रांच्या घरी वर्षाच्या आत सण नव्हता. त्यांची हत्यारांची पेटी, पकड, टेस्टर, लाइन तपासायचा जुना फोन, सगळं कपाटात तसंच पडून राहिलं. दर नवमीला कुसुमावती त्या पकडीला गंध लावताना म्हणायची, "हिनं तुमच्यापेक्षा जास्त काम केलंय." ते आठवलं आणि त्यांना घरात बसवेना. त्यांनी पिठलं-भाकरी डब्यात भरली आणि हुबळी-धारवाड मार्गावरची चिगरी बस धरून रायापूरला उतरले. सणादिवशी संस्थेची कँटीन बंद, पोरगी उपाशी राहील, हे निमित्त.

संस्थेच्या दारातच महादेव भेटला. महादेव तिथला सगळ्यांत जुना माणूस. यंत्रं, किल्ल्या, सिलिंडर, सगळं त्याच्या ताब्यात. नवा सदरा, कपाळाला मोठा टिळा.

"बर्रि अण्णा, बर्रि! बरोबर वेळेला आलात. चुरमुरे घ्या."

"पूजा झाली?"

"आतल्या यंत्रांची झाली. आता जीप आणि जनरेटर राहिलेत. कोहळा आणायला माणूस गेलाय." मग तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, अक्काचं काम यंदा होणार बघा. काल संध्याकाळी मी स्वतः त्या ऊबपेटीत, पेशींच्या म्होरं, एक झेंडू ठेवलाय. देवीच्या पायावरचा. सगळ्या यंत्रांना पूजा, आणि त्या बिचाऱ्या जिवंत असून त्यांना काहीच नाही, हे बरं दिसत नव्हतं."

सुधींद्रांना हे फार आवडलं. "छान केलंस," असं म्हणून ते जिना चढून वर गेले.

मनीषा आतल्या खोलीत इन्क्युबेटरसमोर स्टुलावर बसली होती. हातात रबरी मोजे, आणि मोज्यांतल्या तळव्यावर तो झेंडू. रात्रभर उबेत राहून मऊ पडलेला.

"अगं, महादेवानं सांगितलं मला—"

"अप्पा, दार लावा."

त्यांनी दार लावलं.

"फुलावर बुरशीचं बी असतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "डोळ्याला दिसत नाही. या पेटीत ऊब आणि ओल दोन्ही आहे, बुरशीला आणखी काय पाहिजे! रात्रभरात ते सगळ्या बशांवर बसलं असणार. आत्ता पेशी चांगल्या आहेत, मी बघितल्या. उद्यापर्यंत पाणी गढूळ होईल. परवा काही उरणार नाही."

"मग आज बघ की."

"आजच बघायचं होतं. कालपर्यंत रेघ सपाट होती. आज-उद्यात सुरू होणार, असाच अंदाज होता. पण रेकॉर्डिंगच्या खोलीला हार घालून महादेवण्णांनी कुलूप लावलंय. नवमीला यंत्राला हात लावायचा नाही. मागं एका साहेबांनी नवमीलाच फिरकीचं यंत्र चालवलं होतं, त्याचं झाकण उडून भिंतीत घुसलं. तेव्हापासून ते कुणाचं ऐकत नाहीत. मॅडम गदगला गेल्यात. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, मी सांगते त्याला, पण वर्षातून एक दिवस तो मलाही जुमानत नाही."

"मग त्याला फुलाचं सांग. त्याच्यामुळंच झालंय म्हणावं."

"नाही सांगायचं," ती पटकन म्हणाली. "तुम्हीपण सांगू नका. आई दवाखान्यात होती तेव्हा या माणसानं पदरचं डिझेल घालून जनरेटर चालवला होता, माझ्या पेशी मरू नयेत म्हणून. त्यानं प्रेमानं ठेवलंय ते." तिनं फूल कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं, मोजे काढले आणि उठली. "चला अप्पा. घरी जाऊ. डबा घरीच खाऊ."

चला, घरी जाऊ. भाद्रपदापासून सुधींद्र याच तीन शब्दांची वाट बघत होते. आता काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं, पोरीची पिशवी उचलायची आणि बस धरायची. दोष त्यांचा नाही, तिचाही नाही. देवीच्या फुलाचा म्हटला तरी चालला असता.

पण पिशवी उचलायला ते वाकले आणि तसेच थांबले.

"मनीषा, आत्ता या घटकेला त्या बोलत असतील का गं?"

"असतील. नसतीलही."

"आणि आपण घरी जायचं?"

"काय करणार?"

आता हे त्यांना सहन होईना. पोरीसाठी की स्वतःसाठी, हे त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं. लाइनीवर कुणीतरी आहे आणि आपण रिसीव्हर न उचलता निघून जायचं, ही गोष्ट त्यांनी आयुष्यात केली नव्हती. डबा तिच्या हातात देऊन ते जिना उतरले. खाली पोचेपर्यंत त्यांनी एक युक्तिवाद रचला. शास्त्रात असलं काही आहे की नाही, त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं.

महादेव जीपच्या चाकांखाली लिंबं ठेवत होता.

"महादेवा, ते रेकॉर्डिंगचं यंत्र वापरतं कोण?"

"मनीषक्का. दुसरं कोण हात लावतंय त्याला?"

"म्हणजे हत्यार कुणाचं?"

"संस्थेचं."

"संस्थेचं कसं? लोहाराच्या भट्टीवर हातोडा ज्याच्या हातात त्याचा. भट्टी कुणाची का असेना."

महादेवाने विचार केला. "हौद्री. ते खरं."

"आता सांग, ज्याचं ते हत्यार त्याच्या घरात यंदा सण आहे का?"

महादेवाच्या हातातलं लिंबू तसंच राहिलं. "नाही की."

"तिच्या आईला वर्ष व्हायचंय. मी आज माझी पेटी उघडली नाही. पकडीला गंध नाही, फूल नाही. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा. ज्या घरात सण नाही त्या घरच्या हत्याराला पूजा नाही. आणि पूजा नाही तर विश्रांती कसली? ते आपलं रोजच्यासारखं चालायला पाहिजे. बंद ठेवलंस तर तो सण केल्यासारखं होईल."

"पण मी पूजा केली की हो अण्णा! सकाळीच! कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला!"

"नकळत केलंस."

"मग दोष कुणाला?"

"मला. घरातला मोठा मी. मी आधी येऊन सांगायला पाहिजे होतं, की बाबा, आमच्या पोरीचं यंत्र यंदा वगळ."

जीपचा ड्रायव्हर मध्येच म्हणाला, "यंत्राला सुतक? हे नवीनच ऐकतोय."

"तू गप रे," महादेव त्याच्यावर डाफरला. "तुझ्या आजोबाला जाऊन विचार. सुतक नव्हे ते, वर्ष पाळणं." म्हणजे मुद्दा त्याला पटला होता, इतका की आता तो त्याची बाजू मांडायला लागला होता. तो सुधींद्रांकडे वळला. "पण एक सांगतो अण्णा. कुंकू पुसायचं नाही. बाईमाणसाच्या यंत्रावर लागलेलं कुंकू मी पुसू देणार नाही."

"राहू दे. कोण पुसतंय?"

"हार मी काढतो. माझ्या हातानं घातलाय, माझ्याच हातानं काढतो."

त्याने कमरेची किल्ली सोडली. "आत्रि," म्हणाला, "चला. पण काही उडालं तर मला सांगू नका."

मनीषा पेशी आणि डबा घेऊन खाली आली. रेकॉर्डिंगची खोली लहान होती. मध्ये तांब्याच्या जाळीचा पिंजरा, आत सूक्ष्मदर्शक, आणि सगळं एका जड टेबलावर. टेबल हवेवर तरंगतं, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकचा धक्का वर पोचत नाही, असं मनीषानं सांगितलं. पिंजऱ्यातून निघालेली अर्थिंगची तार सुधींद्रांनी लगेच ओळखली आणि त्यांना जरा आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. यंत्राच्या कपाळाला कुंकवाचं बोट होतंच.

मनीषानं एक चकती बशीत ठेवली आणि त्यांना भिंगातून बघायला लावलं. धाग्यांचं जाळं. मोहरीचे दाणे आता दाणे राहिले नव्हते, प्रत्येकाला हातपाय फुटले होते. "ही बघा, ही घेऊ," ती म्हणाली. केसाहूनही बारीक टोकाची काचेची नळी तिनं पेशीजवळ नेली. नळीच्या मागच्या बाजूला रबरी ट्यूब होती, तिचं दुसरं टोक तिनं तोंडात धरलं.

"हे काय?"

"ओढायचं. अगदी हलकं. आधी नळी पेशीला घट्ट चिकटते, मग आणखी थोडं ओढलं की आतलं दार उघडतं. जोरात ओढलं तर फाटते."

"उसाच्या रसासारखं."

"अप्पा, हसवू नका. नळी तोंडात आहे."

पेशीला नळी चिकटली. रेघ स्थिरावत होती. तेवढ्यात दाराबाहेर फटाक् असा आवाज झाला, खिडकीची काच थरथरली, आणि पडद्यावरची रेघ उडून नाहीशी झाली. माणूस कोहळा घेऊन आला होता आणि तो खोलीच्या पायरीवरच आपटला होता.

मनीषानं डोळे मिटले. सुधींद्र बाहेर गेले. "अरे, जनरेटर तिकडं मागं, आणि कोहळा इथं?" महादेव म्हणाला, "अण्णा, अक्काला दृष्ट लागू नये म्हणून एक जादा आणला होता." पुढे अर्धा तास त्याने कुणाला त्या बाजूला फिरकू दिलं नाही. दारात खुर्ची टाकून तो स्वतःच राखणीला बसला.

दुसरी पेशी चिकटली. मनीषानं हलकेच ओढलं, दार उघडलं, आणि पडद्यावर रेघ धावू लागली. सपाट. जराशी थरथरणारी, पण सपाट.

"आता?"

"आता काही नाही. बसायचं."

ते बसले. रेघ डावीकडून उजवीकडे जात होती आणि पुन्हा डावीकडून सुरू होत होती. सुधींद्रांनी श्वास धरून ठेवला होता, मग दमले आणि सोडला. त्यांना आपल्या मनाचं नवल वाटलं. कालपर्यंत ही रेघ सपाट राहावी म्हणून ते देवाकडे, उघडपणे नाही तरी, मागणं मागत होते. आणि आता ती सपाट जाते आहे तर ते तिला मनातल्या मनात विनवत होते, एकदा तरी हल.

मग रेघ एकदम खाली गेली आणि वळून वर आली. लहानशीच. रस्त्यात खड्डा यावा तशी.

"ते बघ!"

"श्श."

पुन्हा काही नाही. बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. मग दोन लागोपाठ.

"बोलतायत," मनीषा म्हणाली. ती एवढ्या हळू बोलली की पेशींना जाग येईल अशी तिला भीती असावी.

सुधींद्र खुर्ची घेऊन पुढे सरकले. टेलिफोनवाला जागा झाला होता. "थांब. ही तुझ्या यंत्राची खरखर नव्हे कशावरून?"

मनीषानं वळून त्यांच्याकडे बघितलं. "हाच प्रश्न मॅडम विचारतील." तिनं बशीत एका औषधाचा थेंब सोडला. "हे फुग्या माशाचं विष. यानं पेशींचं ओरडणं बंद होतं. हिनं तिला हाक मारली, तिनं पुढं सांगितलं, हे सगळं बंद. लाइनी कापल्या असं समजा."

रेघ चालत राहिली. आणि खड्डे येत राहिले. थोडे कमी, पण येत राहिले.

"लाइनी कापल्यात म्हणतेस."

"कापल्यात."

"मग हे कुठून येतंय?"

"सांध्यातून. सांगणारीच्या टोकाला द्रव्याच्या बारीक पुड्या भरून ठेवलेल्या असतात. हाक आली की त्या फुटतात. पण एखादी हाक न येताच फुटते. पलीकडचीला तेवढं कळतं." मग तिनं दुसरं औषध सोडलं. "आता हे ऐकणारीचे कान बंद करणारं. बघा."

खड्डे थांबले. रेघ अगदी सपाट झाली. यंत्र तेच, तार तीच, पेशी तीच, आणि रेघ सपाट.

"म्हणजे खरखर नव्हती," सुधींद्र म्हणाले.

"नव्हती."

"कुणी न विचारता."

"कुणी न विचारता."

"आणि त्याचा उपयोग काय?"

"काही जणांनी असं बघितलंय की पेशींना हे पण ऐकू येऊ दिलं नाही तर सांधे हळूहळू बारीक होत जातात. एवढ्याशा पुड्यांवर सांधा टिकत असेल, असं ते म्हणतात. खरं-खोटं अजून चाललंय."

महादेव दारातून मान आत घालून बघत होता. पडद्यावर काय चाललंय हे त्याला कळलं नव्हतं, पण मनीषाच्या चेहऱ्यावरचं कळलं. "झालं?"

"झालं महादेवण्णा. बोलल्या."

"म्हटलं नव्हतं!" त्याने मांडीवर थाप मारली. "फुलाचा गुण आहे हा. कालपर्यंत मुक्या होत्या ना? काल संध्याकाळी फूल ठेवलं, आज बोलल्या."

सुधींद्रांनी लेकीकडे बघितलं. लेक म्हणाली, "हो अण्णा. तुमचंच फूल."

महादेव खूष होऊन चुरमुरे आणायला गेला. पडद्यावरची रेघ मात्र आता वाकडीतिकडी व्हायला लागली होती. मग एकदम खाली घसरली आणि तिथंच राहिली.

"हे काय झालं?"

"गेली ती पेशी. आत नळी घातली की फार टिकत नाही."

"म्हणजे ऐकायचं तर..."

"हो. जिचं ऐकलं ती जाते."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांचं चाललंय की. आपल्याला दिसत नाही, एवढंच. आईचं..." ती म्हणाली, आणि थांबली. तिनं नळी काढली, कचऱ्याच्या डब्यात टाकली, नवी घेतली. पण बसवली नाही. नळी हातातच धरून ती खाली बघत राहिली आणि तिच्या नाकावरून पाणी टपकन टेबलावर पडलं. आईच्या दिवसांत आलेली-गेलेली माणसं म्हणायची, पोरगी रडत नाही, काळजी घ्या. सुधींद्रांनी खिशातला रुमाल काढून तिच्यासमोर ठेवला, आणि तो स्वच्छ आहे ना, हे मग बघितलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "मनीषा, एक सांगतो. या पेशी बोलू नयेत असं मला वाटत होतं. तू घरी आली असतीस."

"ठाऊक होतं मला."

"कसं?"

"तुम्ही दर रविवारी विचारायचात, अजून गप्पच ना? त्यातलं ते 'ना'." तिनं नाक पुसलं. "मलापण कधी कधी वाटायचं. गप्प राहिल्या तर बरं. घरी जाऊन झोपावं नुसतं."

"मग आता?"

"आता काय? एका पेशीवर कोण विश्वास ठेवतंय! वीस तरी हव्यात. आणि उद्या सगळ्यांवर बुरशी चढणार. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत जेवढ्या मिळतील तेवढ्या."

"मिळाल्या तर वर्षभर इथंच."

"वर्षभर. पुढंही असेल." ती त्यांच्याकडे बघत होती, विचारत होती असं नाही, पण उत्तराची वाट बघत होती.

घरातला कुकर त्यांच्या डोळ्यासमोर आला, एका माणसाचा भात, शेजारच्यांचा टीव्ही. ते सगळं तसंच राहणार होतं, आणखी वर्षभर, आणि पुढंही. त्यांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर पिठलं घेतलं आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"आधी खा. मग ती नळी तोंडात घाल. उपाशीपोटी जोरात ओढशील."

तिनं खाल्लं. मग हात धुतले, नवी चकती ठेवली, भिंगावर वाकली. बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला आणि महादेव त्याच्यावर ओरडला.

"अप्पा, तुम्ही साडेपाचची बस धरा. उशीर होईल मला."

"बसेन की मी. जनरेटरची पूजा चुकली, ती नाही तरी यंदा मला चालत नाही." त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "एक विचारू का? यांतल्या सगळ्याच अशा आपणहून बोलतात, की काही जन्मभर गप्पच राहतात?"

"माहीत नाही," मनीषा ट्यूब तोंडात धरून म्हणाली. "बघू."

पडद्यावर नवी रेघ सुरू झाली. ती सपाट होती. दोघं तिच्याकडे बघत बसले.